समोरच्या दाराची किल्ली

आदिलाबाद,
दि. १२ सप्टेंबर १९८८

प्रिय यशवंतदादास,

धाकट्या बहिणीचा सप्रेम जयभीम. द्वारकावहिनींनाही सांग, आणि पोरांचे गाल माझ्या नावानं ओढ. इकडे सगळं ठीक. यंदा पाऊस जरा जास्तच झाला, कापसाची पानं लाल पडली म्हणून बाजारात जो तो कपाळाला हात लावून बसलाय. पण कपाळाला हात लावणाऱ्यांच्या घरीही लग्नं व्हायची ती होतात, तेव्हा आपल्या मांडवाच्या धंद्याला काळजी नाही.

बातमी मोठी आहे. भिवाजी बिछायत केंद्र जागा बदलतंय!

हो, तोच बोळ सोडून. तुझं बालपण ज्या बोळात सतरंज्यांवर लोळण्यात गेलं तोच. स्टेशनच्या रस्त्यावर राजव्वाची इमारत आहे ना, पूर्वी जिथे कापसाच्या गाठी ठेवायचे, ती मी भाड्यानं घेतली. समोर ऑफिसची खोली, तिला दोन फळ्यांचं सागवानी दार, मागे हे एवढं गोदाम, आणि गोदामाला मागच्या गल्लीत उघडणारं वेगळं दार. टेलिफोनची तार खिडकीपर्यंत आलेली. रस्त्याला लागून, एकही पायरी नाही. इथे बोळात लॉरी शिरत नाही, मांडवाची प्रत्येक बल्ली, स्वयंपाकाची प्रत्येक डेग माणसाच्या डोक्यावरून मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावी लागते. हमालांच्या माना गेल्या आणि माझा घसा गेला. तेव्हा कारण विचारशील तर लॉरी, एवढंच.

बाबांना विचारलं तेव्हा मला वाटलं होतं आठवडाभर भांडावं लागेल. ते म्हणाले, "जाऊ." मी पुढचे सगळे मुद्दे पाठ करून ठेवले होते, ते तसेच राहिले.

आता हलायचं कधी, त्याची गंमत ऐक. गणपतीचे मांडव उतरले की देवीचे चढायच्या आधी पितरांचा पंधरवडा येतो. त्यात कोणी लग्न काढत नाही, साखरपुडा नाही, बारसंसुद्धा पुढे ढकलतात. म्हणजे आपलं झाडून सगळं सामान तेवढे दिवस घरी. एरवी आपल्या खुर्च्या उटनूरला, कनाती भैंशाला, भोंगे कुठल्या तरी उरुसात. सगळी एका छपराखाली भेटतात ती याच दिवसांत. म्हणून पंधरवड्यात हलायचं ठरवलं. बाबा तर खूशच झाले. म्हणाले, "लोक जो दिवस टाकतेत, तो आपल्याले फुकट भेटते."

तुला आठवतं, आपल्या भिंतीवर दोन पंचांगं असायची, एक मराठी, एक तेलुगू? अजून आहेत. मुहूर्त न मानणारं आणि मुहूर्तांवरच जेवणारं घर अख्ख्या आदिलाबादेत आपलं एकटंच असेल. आणि मी तर त्यावर कडी. गावातली निम्मी लग्नं माझ्या मांडवात लागली, माझं मात्र एकही नाही! हसू नकोस, मी स्वतः हे सगळ्यांना हसून सांगते.

तयारी जोरात चालू आहे. कल्हईवाला बोलावून सगळ्या डेगी आणि गंज लख्ख करून घेतले. मोडक्या खुर्च्या भंगारात काढल्या. सतरंज्या नाल्यावर नेऊन धुतल्या, भोंगे एकेक लावून पाहिले. पाटीवाल्याला तिन्ही लिप्यांत नाव लिहायला सांगितलं, मराठी वर. बाबा दिवसभर मधोमध खुर्ची टाकून बसतात. आपला गडी चंपत एकेक वस्तू त्यांच्यापुढे आणतो, ते तिच्यावरून हात फिरवतात आणि सांगतात ठेव किंवा काढ. कनातीचा फाटका कोपरा त्यांच्या बोटांना लगेच सापडतो. हल्ली त्यांना सगळं हातानं बघायची लहर आलीय.

माळ्यावरून एक गाठोडं निघालं. बाबांच्या हातच्या गाठी, ओळखू येणाऱ्या. चंपतनं खाली टाकलं तसा आतून कडुलिंबाचा पाला सांडला, आणि तो यंदाचा होता, हिरवा. मी सोडायला गेले तर बाबा म्हणाले, "ते भाड्याचं नाही. ठेव बाजूले." मी ठेवलं. काय होतं ते मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस.

तुझ्या मागच्या कार्डात चार ओळी होत्या. निजामाबादचा उकाडा होता, पोरांच्या इयत्ता होत्या, तुझ्या बढतीची बातमी होती. बाबांविषयी काही नव्हतं. विचारलं नाहीस तरी सांगते, बरे आहेत.

उत्तर टाक. नव्या पत्त्यावर टाकलंस तरी चालेल, पोस्टमन आपलाच आहे, त्याच्या मुलीचं लग्न आपल्याच शामियान्यात झालं.

तुझी,
पंचफुला


आदिलाबाद,
दि. २७ सप्टेंबर १९८८

प्रिय दादा,

जयभीम. तुझं कार्ड पोचलं. "या वयात त्यांना जागा बदलायचं सुचलं हे नवल," असं तू लिहिलंस. निदान 'त्यांना' हा शब्द तरी आला. मी तेवढ्यावर खूश आहे.

बाबांना ते वाचून दाखवलं, आणि शेवटी माझ्याकडून एक वाक्य जोडलं, की बाबांना माझा जयभीम सांग. बाबा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. म्हणाले, "हे त्याचं नाही, पंचे. हे तुह्यं हाय." मी म्हटलं, कशावरून? म्हणाले, "त्यानं लिवलं असतं त तू दोनदा वाचलं असतं."

आता म्हणशील, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्या माणसाला तू कशाला वाचून दाखवतेस? त्यांचा चष्मा बदलायचा आहे. त्यावर नंतर लिहीन.

गणपतीचे सगळे मांडव उतरले, सामान धुऊन पुसून बांधलं, लॉरी ठरवली, आणि ऐन वेळी राजव्वानं किल्ली देणार नाही म्हणून सांगितलं! बाई वाईट नाही हं. नवरा गेल्यावर एकटीनं ती इमारत सांभाळली, माझ्याशी फार गोडीनं वागते. पण मी पंधरवड्यात येणार म्हटल्यावर तिनं कानांवर हात ठेवले. आपली तिची भाषा तुला माहीतच आहे, अर्धी दखनी, अर्धी तेलुगू. "नक्को अम्मा! पेत्तरमास होने दे. इन दिनों में नवे घर में पाँव नै रखते. मेरी इमारत कू कुछ हुआ तो?" पेत्तरमास म्हणजे त्यांची पितरांची अमावस्या. ती होऊन गेली की त्याच संध्याकाळपासून बतुकम्मा सुरू, मग सगळं शुभ. पण आपलं काय? तोपर्यंत देवीच्या मांडवांची बुकिंगं उभी राहतील. भैंशाचे लोक आगाऊ रक्कम देऊन गेलेत. तेव्हा हललो नाही तर दिवाळीनंतर लग्नं, आणि मग थेट पुढच्या वर्षीचा पंधरवडा. आणि तोपर्यंत बोळात राहणं आता जमणार नाही.

मी तिच्या ओट्यावर बसले ती उठलेच नाही. तिच्या तीन चहांनंतर तोडगा काढला. मी म्हटलं, सामान म्हणजे काही माणूस नव्हे. कापसाच्या गाठी तर तुझ्याकडे पंधरवड्यातही येत होत्या, का परत पाठवायचीस? मग ठरलं असं, की सामान मागच्या दारानं गोदामात घ्यायचं. माणसांनीही कामापुरतं मागूनच यायचं जायचं. समोरचं दार बंद, त्या खोलीत दिवा नाही. अमावस्या झाली की दूध उकळायचं, उतू जाऊ द्यायचं, आणि मग समोरून प्रवेश. ते त्यांचं 'पाल पोंगिंचाली', दूध उतू गेलं की घरात भरभराट. आणि ते दूध म्हणे घरच्या सुनेनं उकळायचं. मी म्हटलं, मी चालेन का? तिनं माझ्या कपाळाकडे, गळ्याकडे पाहिलं आणि जीभ चावली. "तू बेटी है ना. बहू होना." सूनच हवी म्हणे.

आपल्या घरची सून निजामाबादला असते, असं मी सांगितलं नाही. तो विषय मी तिथेच सोडून दिला.

पण तोडगा कसा वाटला? मला तर स्वतःची पाठ थोपटून घ्यावीशी वाटली. तिचाही नेम राहिला, आपलाही दिवस राहिला. बाबांना सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले. गप्प राहिले म्हणजे पटलं, असं मी धरलं.

दूध म्हटल्यावर तुला काय वाटलं असेल ते मला कळतं. आपण तिघं त्याविषयी कधी बोलत नाही, पण हे लिहायला बसल्यावर ते वगळून पुढे जाता येईना. तुझ्या नव्या घराच्या प्रवेशासाठी बाबांनी नवा शामियाना शिवून घेतला होता. पिवळा, निळ्या काठाचा. शिंप्याकडे रोज जाऊन बसायचे. पहाटे लॉरीनं निजामाबादला पोचलो, त्यांनी स्वतःच्या हातानं तुझ्या दारात तो उभा केला, एकाही माणसाला दोरीला हात लावू दिला नाही. आणि मग रिक्षातून पंतुलू, म्हणजे तिकडचे भटजी, उतरले, कलश घेऊन, नारळ घेऊन. बाबांनी तुला विचारलं. तू म्हणालास, चार लोकांत राहायचं आहे बाबा, एवढं चालतं. त्यांनी एकेक खुंटी उपटली, कापड उतरवलं, घडी घातली आणि लॉरीत टाकलं. तुझे ऑफिसातले लोक ताटं हातात घेऊन उन्हात उभे होते. वहिनींचा चेहरा मला अजून दिसतो.

तू चुकलास की बाबा चुकले, हे मला विचारू नकोस. तुझी मान खाली गेली हे मी पाहिलं. परतीच्या वाटेवर बाबा लॉरीच्या मागच्या बाजूला, सामानात बसून आले हेही मी पाहिलं. त्यानंतर तू इकडे आला नाहीस आणि त्यांनी निजामाबादचं नाव काढलं नाही.

माळ्यावरचं गाठोडं तेच आहे. दर वर्षी कोण पाला बदलत होतं, ते आता तुलाही कळलं.

येत्या रविवारी हलतोय. सगळं माझ्या हातात आहे, काळजी करू नकोस.

तुझी,
पंचफुला


आदिलाबाद, स्टेशन रोड,
दि. ४ ऑक्टोबर १९८८

दादा,

जयभीम. सामान सगळं नव्या गोदामात आलं. बाबा आत आले नाहीत. कसं ते सांगते. मधेच पत्र खाली ठेवू नकोस.

रविवारी सकाळी लॉरी भरली. पुढे लॉरी, मागे सायकलरिक्षात बाबा आणि मी. त्यांच्या मांडीवर बुद्धाची मूर्ती, स्वच्छ पांढऱ्या कापडात. धुतलेलं धोतर, वर कोट, डोक्याला फेटा. स्टेशन रोडला इमारतीपाशी पोचलो, मी रिक्षावाल्याला खूण केली की मागच्या गल्लीत घे. रिक्षा वळली तशी बाबांनी विचारलं, "कुठं नेऊन राह्यली मले?"

"मागच्या दारानं, बाबा. सांगितलं होतं ना तुम्हाला."

"सामान मागून जाईन म्हन्लं तू."

"माणसंही. आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न आहे."

त्यांनी रिक्षावाल्याच्या पाठीवर हात ठेवला. रिक्षा थांबली. मग ते माझ्याकडे वळले, आवाज अजिबात न चढवता बोलले. "पाटलाच्या घरी लगीन असलं का आमी मोळ्या घिऊन मागच्या दारानं. मांडवाच्या बल्ल्या आमीच रोवाच्या, अन् मांडवात पाय ठेवाचा नाही. जेवाले बसवत उकिरड्यापाशी. माह्या बापानं तसंच केलं, मी बी केलं. नागपूरले दीक्षा घिऊन आलो त्या दिवशी म्या ठरवलं, आता मांडव माह्या मालकीचा राहीन. अन् आता ह्या वयात तू मले मागच्या दारानं नेतं काय, पंचे? काऊन?"

दादा, हे मी लहानपणापासून ऐकत आले. पाठ आहे मला. आणि तरी तोडगा काढताना ते माझ्या मनाला शिवलंही नाही. राजव्वाला मनवलं, त्या कौतुकात मी होते. भर रस्त्यात मला रडू आलं. मी म्हटलं, चला, परत जाऊ, बोळात जाऊ. ते म्हणाले, "परत काऊन? मी बसतो इथंच. दार उघडलं का जाईन."

आमचं हे चालू असताना तिकडे काय झालं बघ. लॉरी समोरच्या दारापाशी थांबून होती, मी सांगेन तेव्हा मागे न्यायची म्हणून. आपली भरण्याची पद्धत तुला ठाऊक आहे. मांडवाच्या ठिकाणी जे आधी लागतं ते शेवटी भरायचं, म्हणजे उतरवताना तेच पहिलं हाताला येतं. आपल्या माणसांनी उभ्या आयुष्यात लॉरी दुसऱ्या पद्धतीनं भरलेली नाही, त्यामुळे दुकान हलवतानाही तशीच भरली. सगळ्यात वर बल्ल्या, खुंट्या, दोऱ्या आणि एक शामियाना. लॉरी थांबली, फळका पडला, पोरांच्या हातात बल्ल्या आल्या. पुढे त्यांना कोणी काही सांगावंच लागलं नाही! मी डोळे पुसून वळते तो दारापुढे चार बल्ल्या उभ्या, चंपत खुंटीवर घण घालतोय, आणि वर कापड चढतंय. पिवळं, निळ्या काठाचं.

मी धावले. चंपत्या, हे काय करून ठेवलंस? तो घण हातात तसाच धरून म्हणाला, "वर होतं बाई, म्हून निंघालं. लॉरी थांबली त लावाचं नाही काय?" त्यानं मुद्दाम वर ठेवलं होतं का, ते अजून कबूल करत नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यानं बिडीचं निमित्त केलं.

बाबांना घणाचा आवाज गेला होता. म्हणाले, "काय लावून राह्यले? कोनतं कापड हाय?" ते रिक्षातून उतरले, मूर्ती माझ्या हातात दिली, हात पुढे करून चालत गेले. बल्ली हाताला लागली, मग झालर, मग काठ. काठावरची शिवण त्यांनी बोटांनी चाचपली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. रस्त्यावरचे लोक थांबले. मला वाटलं, आता म्हणतील उतरवा.

ते म्हणाले, "स्टेशनकडची दोरी ढिली हाय. ताणा."

मग खुर्ची मागवली, टेबल मागवलं. मूर्ती टेबलावर ठेवली, स्वतः बसले आणि म्हणाले, "हापिस इथंच. दार उघडाचं तवा उघडीन."

तेव्हापासून आपलं ऑफिस रस्त्यावर आहे, बंद दाराच्या समोर, त्या शामियान्याखाली. सामान मागच्या दारानं गेलं, चंपत आणि मी कामापुरते मागून जातो येतो, बाबा नाही. आणि धंदा? अरे, इतका कधी चालला नाही! स्टेशनवरून उतरणारा प्रत्येक माणूस विचारतो, कोणाचं लग्न आहे? बाबांनी अॅम्प्लिफायर जोडून घेतला आणि माईक हातात धरला. आधी मराठीत, मग तेलुगूत, मग उर्दूत, भिवाजी बिछायत केंद्र आता स्टेशन रोडवर. उर्दूत तर 'तशरीफ लाइये'पर्यंत मजल. संध्याकाळी त्यांना घरी नेते, सकाळी पुन्हा आणून बसवते.

राजव्वा पहिल्या दिवशी तणतणत आली. शामियान्याभोवती एक फेरी मारली, आमच्या कोणाचा पाय कुठे तिच्या उंबऱ्याला लागलाय का ते पाहिलं. कुठेच लागला नव्हता. मग बाबांना विचारलं, इथे का बसलात? बाबांनी तिला मागच्या दाराची ती सगळी गोष्ट सांगितली. ती ऐकत उभी राहिली, मग आपल्या घरात गेली. मला वाटलं, आता किल्ली आणते. तिनं स्वतःची खुर्ची आणली. तिचा नेम ती मोडत नाही, बाबा त्यांचा मोडत नाहीत, आणि दोघंही रोज सकाळी शामियान्यात शेजारी बसून चहा पितात.

काल तिनं दुधाचा विषय काढला. बाबा म्हणाले, "उकळा. चहाले दूध त लागनच." ती म्हणाली, पर बहू होना. बाबांनी कप चाचपून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "हाय. निजामाबादले." राजव्वानं टाळी वाजवली. "तो बुलाओ ना!" आज सकाळी तिनं समोरच्या दाराची किल्ली आणून बाबांच्या तळहातावर ठेवली. म्हणाली, तुम्हारे पासच रहने दो, मेरेकू भरोसा है.

दिवस ठरला. चौदा ऑक्टोबर, शुक्रवार. बाबांचा दीक्षेचा दिवस. राजव्वाच्या हिशेबात शुक्रवार लक्ष्मीचा, वर देवीचं नवरात्र. दोघांनीही आपापल्या कारणानं मान हलवली. मी आता तोडगे काढणं बंद केलंय.

मग बाबा मला म्हणाले, "लिव त्याले." काय लिहू विचारलं. त्यांनी सांगितलं तसंच्या तसं लिहिते. यात माझा एकही शब्द नाही, आणि मी त्यांना दोनदा वाचून दाखवलंय.

"यशवंता, तुह्या दारातून उतरवलेला मांडव इथं उभा हाय. तू काय कराचं ते तुह्या घरी कर, मी मधात बोलाले नाही पाह्यजे होतं, अन् बोललो त मांडव उतरवाले नाही पाह्यजे होतं. सुनेले घिऊन ये. या खेपेले मी उतरवत नाही."

इथवर त्यांचं. आता माझं, आणि हे मी त्यांना वाचून दाखवणार नाही.

लॉरीचं कारण खोटं नव्हतं, पण जागा त्यासाठी बदलली नाही. त्यांचे डोळे चाललेत, दादा. काचबिंदू. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत येत नाही, राहिलंय तेही किती दिवस ते सांगता येत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला ते बोळातल्या गटारात पडले, ऑफिसच्या पायरीवरून पाय चुकला. गुडघा फुटला, तो बरा झाला. म्हणून मी पायरी नसलेली जागा शोधली. त्यांनी मला बजावलं, "त्याले सांगू नको. तो माह्यासाठी आला पाह्यजे, डोळ्यासाठी नाही." मी कबूल केलं होतं. पण तू हे न कळता आला नसतास आणि नंतर कळलं असतं, तर तू मला माफ केलं नसतंस, आणि मी स्वतःलाही नाही. तेव्हा आलास की त्यांच्यासाठीच आलास असं वाग. ते तुला जड जाणार नाही, कारण मला खात्री आहे ते खरंच असेल.

मी एकटी हा धंदा चालवीन, त्याबद्दल मनात शंका ठेवू नकोस. देवीचे मांडव चढतील, दिवाळीनंतरची लग्नं उभी राहतील, तिन्ही लिप्यांतली पाटी लागेल. मला तू कामाला नकोय. मला तू हवा आहेस, एवढंच. बंद दाराकडे पाठ करून ते बसतात, कोणी रिक्षातून उतरलं की मान वर करतात, आणि ती मान मला रोज बघवत नाही.

वहिनींना म्हणावं, भांडं राजव्वाचं आहे, दूध आमचं, त्यांनी फक्त ते उतू जाईपर्यंत हसत उभं राहायचं. त्या दिवशी उन्हात उभं राहावं लागलं होतं, या वेळी सावली आहे.

आणि एक. संध्याकाळची बस धरू नकोस. आदल्या दिवशी ये किंवा पहाटे निघ, पण उजेडात पोच. भर उन्हात त्यांना अजून चेहरा कळतो. दिवे लागल्यावर कळत नाही.

किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात आहे. ते अधूनमधून वरून चाचपून बघतात.

मांडव उभा आहे.

तुझी,
पंचफुला